संत्र्याच्या पेटीतली खुडूक

भातकुलीचा इतिहास कुणी विचारला की आमच्याकडचा माणूस थेट रुक्मीपासून सुरुवात करतो. रुक्मिणीचा हा भाऊ. कृष्णाकडून हरला, बहिणीला परत आणल्याशिवाय कौंडिण्यपुरात पाय ठेवणार नाही अशी प्रतिज्ञा करून निघाला होता, ती मोडली. म्हणून माघारी न जाता त्यानं वेगळं भोजकट नगर वसवलं, आणि ते भोजकट म्हणजेच आपली भातकुली. सांगणारा शिकलेला असला तर तो पुढे वाकाटकांवर येतो. दुसऱ्या प्रवरसेनाच्या चम्मकच्या ताम्रपटात भोजकट राज्याचं नाव आहे, हे तो छाती फुगवून सांगतो. आदिनाथांचं मंदिर तर दूरदूरच्या जैन यात्रेकरूंना ठाऊक आहे. एवढं सगळं असताना मी मात्र इथे एका संत्र्याच्या पेटीचा इतिहास सांगायला बसलो आहे. राजे-रजवाड्यांचं लिहिणारे पुष्कळ आहेत. पेटीचं मी नाही लिहिलं तर कोण लिहील?

आमच्या घराला लागून एक काकू राहायच्या. नवरा लवकर गेला. दोन एकर वावर, तेही खारपाणपट्ट्यातलं. आमच्याकडची जमीन काळी, भारी, पण विहिरीचं पाणी खारं. पिकाला दिलं तर माती चिकट होऊन बसते आणि प्यायलं तर तहान जात नाही. त्यामुळे पावसाचं जे पिकेल ते पीक. बाकीच्या आठ महिन्यांत काकूंच्या हातात जो रोख पैसा यायचा तो कोंबड्यांचा. सात-आठ गावरान कोंबड्या, एक कोंबडा. हा पैसा बायकांचा असतो, गावात त्याला कुणी हात लावत नाही. कापसाचा चुकारा पुरुषाच्या खिशात जातो, अंड्याचा पैसा डब्यात. पोरीची वह्या-पुस्तकं, एखादी साडी, दवाखाना, सगळं त्या डब्यातून निघायचं.

आता गावरान कोंबडीचा हिशेब समजून घ्यावा लागतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ती बारा-पंधरा अंडी देते आणि मग खुडूक होते. अंगाची पिसं फुगवते, कुडकुड आवाज काढते, टोपल्यातून उठत नाही, हात लावला तर टोचते. तिच्याखाली दहा-बारा अंडी मावतात. एकवीस दिवस बसायचं, मग पिल्लं घेऊन दोन-अडीच महिने हिंडायचं. तोवर अंड्यांचं नाव नाही. म्हणजे वर्षाला पन्नास-साठ अंडी पडली तरी खूप, आणि त्यातली निम्मी बसवण्यात जातात. पिल्लांतली अर्धी घार नेते, मुंगूस नेते, मांजर नेते. काकू खुडूक मोडायलाही बघायच्या. कोंबडीला पाण्यात बुडवून काढायच्या, नाकपुडीत तिचंच पीस आडवं घालून ठेवायच्या. कोंबडी दहा दिवसांत पुन्हा अंड्यावर यायची. पण मग पिल्लं कोण काढणार?

"अंडे पायजे त पिल्ले नाई, पिल्ले पायजे त अंडे नाई," काकू म्हणायच्या. "देवानं अर्धीच कोंबडी देली बाप्पा मले."

उरलेली अर्धी कोंबडी आपण करू, असं मला 2005 च्या उन्हाळ्यात वाटलं. वय होतं वीस. बी.एस्सी.ला अमरावतीला जाऊन-येऊन करत होतो, आणि त्या वयात माणसाला भौतिकशास्त्राच्या दोन धड्यांवर जग चालवता येईल असं वाटतंच. वरुडकडून आलेली संत्र्याची एक लाकडी पेटी घरात होती. ती एका मोठ्या खोक्यात ठेवली, मधल्या जागेत सोयाबीनचं कुटार ठासून भरलं. ऊब टिकायला कुटारासारखं दुसरं काही नाही. झाकणाला 60 वॉटचा बल्ब, बाजूला चार भोकं, तळाशी पाण्याची ताटली आणि तिच्यात ओलं फडकं. आत घरातला ताप मोजायचा थर्मामीटर. झालं मशीन! काकूंनी वीस अंडी आणून दिली. आजीनं ती मोजली आणि एक परत केलं. तिच्या मते अंडी नेहमी विषम बसवायची, शिवाय आत लोखंडाचा खिळा ठेवायचा, म्हणजे वीज कडाडली तरी गर्भ मरत नाही. खिळा मी ठेवला. खिळ्यानं काही बिघडत नव्हतं.

बिघडलं ते दुसऱ्याच गोष्टींनी, आणि एकेक गोष्ट मला नंतर वर्षभर टोचत राहिली.

पहिली गोष्ट थर्मामीटरची. तापाच्या थर्मामीटरमधला पारा एकदा चढला की झटकल्याशिवाय खाली येत नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. दुपारी पेटीत 39 अंश झाले, पारा तिथे बसला, आणि मी रात्री बघतो तर 39. पहाटे बघतो तर 39. मी खूश. लाईट जाऊन पेटी थंड पडली तरी माझा थर्मामीटर 39 च सांगत होता. दुसरी गोष्ट उन्हाची. कोंबडीच्या अंड्याला वारा फिरता असलेल्या यंत्रात साडेसदतीस अंशांच्या आसपास ऊब लागते, बिनपंख्याच्या पेटीत अंड्याच्या माथ्यावर साडेअडतीस-एकोणचाळीस. भातकुलीत एप्रिल-मे महिन्यात सावलीतच 44-45 असतं! जगात लोक अंडी गरम कशी ठेवायची याची काळजी करतात, आम्हाला थंड कशी ठेवायची याची करायला हवी होती. दुपारी बल्ब बंद करून पेटी ओसरीवरून आतल्या खोलीत न्यायची अक्कल मला दहाव्या दिवशी आली.

आणि तिसरी, सगळ्यात वाईट, पाण्याची. उबवणाऱ्या अंड्याभोवती हवा दमट लागते, शेवटच्या तीन दिवसांत तर जास्तच. आमची उन्हाळी हवा कोरडी ठणठणीत. ताटलीत मी विहिरीचं पाणी घालत होतो. ते उडून जायचं आणि फडक्यावर पांढरं मीठ धरायचं. आठवड्यात फडकं पापडासारखं कडक झालं. मग ते पाणी ओढेना आणि हवा ओली होईना. माझ्या लक्षात आलं नाही.

एकविसाव्या दिवशी दोन अंड्यांना टोच पडली. आतून चिवचिव ऐकू आली. काकू, त्यांची पोरगी, आजी, अर्धी आळी पेटीभोवती. मी दर दहा मिनिटांनी झाकण उघडून दाखवत होतो. प्रत्येक वेळी आतली उरलीसुरली दमट हवा बाहेर जात होती. टोचलेल्या भोकाशी आतला पापुद्रा सुकून पिल्लाच्या अंगाला चिकटला. संध्याकाळपर्यंत आवाज बारीक झाला. रात्री थांबला. दुसऱ्या दिवशी बाकीची फोडून पाहिली तर अकरा अंड्यांत पूर्ण वाढलेली पिल्लं होती, पिसांसकट, चोचीसकट, मेलेली.

काकू काही बोलल्या नाहीत. पदरात ती अंडी घेतली आणि उकिरड्यावर न टाकता वावराच्या बांधाला पुरून आल्या. मला त्या दोन बोल बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या वर्षी आजीनं मला एक गोष्ट दाखवली. तिच्या खुडूक कोंबडीखालचं अंडं तिनं काढलं आणि डोळा मिटून पापणीला लावलं. "पाह्य, पापणीले चटका नाई बसला पायजे अन् थंडबी नाई लागलं पायजे. हातावर भरोसा नको ठेवू, हात कामानं मेलेला असते." मी हसलो होतो. पुढे कॉलेजच्या वाचनालयात कुक्कुटपालनावरचं एक जाडजूड पुस्तक हाती लागलं आणि त्यात हेच वाचलं. इजिप्तमध्ये फार पूर्वीपासून मातीच्या विटांच्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवत. वर शेणाच्या आणि काडाच्या गोवऱ्यांची धग, खाली अंडी, मधून माणूस सरपटत जाईल एवढी वाट. आत राहणारा माणूस अंडी उलटी-पालटी करायचा आणि ऊब ओळखायला अंडं पापणीला लावायचा. ना थर्मामीटर, ना घड्याळ. हा धंदा ठराविक गावांतल्या घराण्यांचा, बापाकडून पोराकडे जाणारा, बाहेरच्याला न सांगितला जाणारा. अंडी आणून देणाऱ्याशी त्यांचा ठराव असायचा : तीन अंड्यांमागे दोन पिल्लं परत. ते वाचून मला एकोणीस अंडी आठवली आणि पुस्तक मिटलं.

पण पुन्हा उघडलं. फ्रान्समध्ये रेओम्युर नावाच्या शास्त्रज्ञानं इजिप्तची ही विद्या आपल्याकडे आणायचा ध्यास घेतला. थर्मामीटरची एक मोजपट्टीच त्याच्या नावानं ओळखली जाते. त्यानं आंबत्या शेणखतात पिंपं पुरून त्यांत अंडी ठेवून पाहिली, पाव भाजायच्या भट्टीची धग वापरून पाहिली, आणि 1749 मध्ये या विषयावर मोठा ग्रंथ छापला. त्याचीही पिल्लं ढिगानं मेली. शेणखताची वाफ आत शिरली की गर्भ मरायचा. हे वाचून मला जरा धीर आला. राजाच्या दरबारी मान असलेल्या माणसाची मेली, तर माझी का नाही मरणार! चीनकडे आणि आपल्याकडे बंगालच्या बाजूला बदकाची अंडी भाताच्या गरम तुसात उबवायची पद्धत आहे. त्यातली खुबी मला फार आवडली. अंडं जुनं होत जातं तसं त्यातलं पिल्लू स्वतःच ऊब सोडू लागतं, मग जुन्या अंड्यांच्या उबेवर नवी अंडी पोसतात. भावंडांनी भावंडं वाढवावीत तसं.

आपल्या देशात मात्र यंत्राचा इतिहास कोंबडीच्या जातीशी बांधलेला आहे. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत सरकारनं कुक्कुटपालनाचा देशव्यापी कार्यक्रम हाती घेतला, पांढरी लेगहॉर्न आणि तांबडी ऱ्होड आयलंड कोंबडी गावोगाव पोचवायला सुरुवात केली. केंद्रात तेव्हा शेतीचं खातं आमच्याच जिल्ह्यातल्या पापळच्या डॉ. पंजाबराव देशमुखांकडे होतं, 1952 ते 1962. लेगहॉर्न वर्षाला दोनशेच्या वर अंडी देते, कारण ती खुडूक होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिच्यातली बसायची ओढच माणसानं काढून टाकली. म्हणजे काकूंनी पीस घालून जे दहा दिवसांसाठी केलं, ते गोऱ्यांनी कायमचं केलं. पण जी कोंबडी बसतच नाही तिची पिल्लं निघणार कशी? तिथे यंत्र लागलंच. 1971 मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, 1982 मध्ये अंड्याचा भाव ठरवायला उत्पादकांची समन्वय समिती उभी राहिली, अंड्याच्या जाहिराती टीव्हीवर झळकल्या. अमरावतीच्या आसपासही पोल्ट्रीच्या लांबच लांब शेड उभ्या राहिल्या. एक दिवसाचं पिल्लू खोक्यातून यायला लागलं. त्यात काही वाईट झालं असं मी म्हणणार नाही. गरिबाच्या ताटात अंडं आलं ते त्यामुळेच. पण अंड्याच्या पैशाचा डबा मात्र बायकांच्या फळीवरून उठून शेडच्या मालकाच्या ऑफिसात गेला, हे कुणी कुठे नोंदवलेलं मला दिसलं नाही.

थंडीत मी पुन्हा पेटी काढली. या वेळी बाजारातून काचेचा साधा थर्मामीटर आणला, पारा चढणारा आणि उतरणारा. कुक्कुटपालनाचं सामान विकणाऱ्याकडून इथरची चकती आणली. बिस्किटाएवढी पितळी पत्र्याची गोल डबी, आत इथर. ऊब वाढली की ती फुगते आणि बटण दाबून बल्ब बंद करते, निवली की आकसते आणि बल्ब लागतो. 60 च्या जागी 40 चे दोन बल्ब, म्हणजे एक उडाला तरी दुसरा राहील. ताटलीत प्यायचं गोडं पाणी. आई म्हणाली, "माणसाले प्याले नाई अन् अंड्याले गोडं पाणी!" प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल, दिवसातून तीनदा उलटायचं. तीनदा अशासाठी की विषम वेळा उलटलं तर अंडं रोज रात्री वेगळ्या कुशीवर झोपतं.

काकूंकडे जायला मात्र पाय उचलत नव्हते. त्याच आल्या. टोपल्यात कुटारावर सत्तेचाळीस अंडी. स्वतःची, आणखी दोन घरची मागून आणलेली. "बुढीनं सांगतलं, इषम आण." एवढंच.

29 जानेवारी 2006, रविवार, अंडी बसवली. सातव्या रात्री खोलीत अंधार करून टॉर्चपुढे अंडी धरली. भरलेल्या अंड्यात लाल शिरांचं कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं, मधोमध एक ठिपका हलतो. काकूंच्या पोरीनं तो पाहिला आणि श्वास रोखून धरला. नऊ वांझोटी निघाली, ती काढली. अडतीस राहिली.

तो लोडशेडिंगचा काळ होता. दिवसातून दहा-बारा तास लाईट नसायची, तेही वेळापत्रकानं. वेळापत्रकाचं आपण काहीतरी करू शकतो. अठराव्या दिवशी मात्र लाईट संध्याकाळी गेली ती आलीच नाही. बाहेर थंडी. आळीत देशीच्या रिकाम्या बाटल्यांना तोटा नव्हता. काकूंनी चुलीवर हंडा चढवला, मी बाटल्या भरून फडक्यात गुंडाळून पेटीत लावायचो, निवल्या की बदलायचो. मध्यरात्री लक्षात आलं की बाटल्या निवल्या तरी पारा फारसा उतरत नाही. बंगालची ती खुबी! अठरा दिवसांची अंडी स्वतःच ऊब सोडत होती, कुटार ती धरून ठेवत होतं. आजी उठून आली, एक अंडं पापणीला लावलं आणि म्हणाली, "झोपा आता. हे आपलं आपलं पाहून घेतीन." तरी कुणी झोपलं नाही.

शनिवारी, 18 फेब्रुवारीला, टीव्हीवर बातमी आली. नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला कोंबड्यांना बर्ड फ्लू झाला होता, देशात पहिल्यांदाच. पांढरे झगे घातलेली माणसं, पोत्यात भरलेल्या कोंबड्या, खड्डे. आणि आमच्या पेटीत त्याच रात्री पहिली टोच पडली.

रविवारी दुपारपर्यंत तेवीस पिल्लं बाहेर आली. या वेळी मी झाकण उघडलं नाही. काचेची एक पट्टी बसवली होती, त्यातूनच सगळ्यांनी पाहिलं. सत्तेचाळीसात तेवीस. इजिप्तच्या ठरावानं एकतीस निघायला हवी होती. काकूंना मी तो ठराव सांगितला. त्या म्हणाल्या, "त्याईच्या गावात लोडशेडिंग असते का?"

आनंद एक दिवस टिकला. सोमवारी गावात कोंबडीला कुणी विचारेना. अंडं तीन रुपयांना जात होतं ते फुकट घ्यायला कुणी तयार नव्हतं. नवापूर आमच्यापासून चारशे किलोमीटर, पण मार्चमध्ये रोग जळगाव जिल्ह्यात दिसला आणि तो तर बुलढाण्याला खेटून. शाळेतून पोरांना सांगितलं गेलं, कोंबडीला हात लावू नका. माझे बाबा म्हणाले, "पेटी जाळून टाक अन् ते पिल्ले गाडून ये. उद्या पोरगं आजारी पडलं त कोण जबाबदार?" ते काही दुष्ट नव्हते. भीती त्या वेळी सगळ्यांच्याच घरात होती, माझ्याही पोटात होती. टीव्हीवरचे खड्डे डोळ्यापुढून जात नव्हते. मी काकूंना जाऊन तसं म्हणालो.

काकूंनी ऐकून घेतलं. मग डालं खाटेखाली सरकवलं, बाजूला कंदील ठेवला, आणि बोलल्या त्या एकदाच. "मागच्या वर्षी मी माह्या हातानं अकरा पुरले. औंदा नाई पुरत. मेले त पाहू. तू येऊ नको वाटलं त."

दोन महिने त्यांनी पिल्लं घराबाहेर काढली नाहीत. दुसऱ्यांच्या कोंबड्यांत मिसळू दिली नाहीत, हात चुन्याच्या पाण्यानं धुवायच्या, पोरीला जवळ येऊ द्यायच्या नाहीत. कुणी शिकवलं नव्हतं; टीव्ही पाहून जे समजलं ते केलं. आमच्या गावात रोग आला नाही. पण त्या उन्हाळ्यात काकूंच्या डब्यात एक रुपया पडला नाही, आणि पोरीची फी त्यांनी कानातले गहाण ठेवून भरली, हे मला खूप उशिरा कळलं.

तेवीसांतली सतरा जगली. पावसाळ्यात भीती विरली, भाव परत चढले. आखाडाच्या आधी नऊ कोंबडे विकले गेले, त्यातून कानातले सुटले. आठ तलंगा राहिल्या. त्यांच्याविषयी गावात पैज लागली होती. मशीनमधून निघालेली कोंबडी खुडूक बसत नाही, असं सगळे म्हणायचे, कारण शेडमधली बसत नाही हे सगळ्यांनी पाहिलं होतं. मी सांगायचो की ते यंत्रामुळे नाही, जातीमुळे. गावरान रक्त असेल तर बसेल. बी.एस्सी.वाल्याचं कोण ऐकतो? त्यातून ज्याची एकोणीसच्या एकोणीस गेली त्याचं?

दिवाळीनंतर काकूंची हाक आली. पेटी तेव्हा त्यांच्याच ओसरीवर, झाकण काढून पडली होती. तिच्यात त्या आठांतली एक तांबडी तलंग पिसं फुगवून बसली होती. मी हात पुढे केला तर टोचली. काकूंनी तिच्याखाली अकरा अंडी सारली, दहा निघाली. पण ते नंतरचं. त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, "ते बल्बचं लटकन कापून घेऊन जाय बाप्पा. तिच्या डोक्याले लागून राह्यलं."